पान उलटून बघितलं का? क्लाऊडवरची प्रतिमा-ओळख, द्राक्षबागेतून समजून घेताना

ऑक्टोबरची छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराचा सगळा जीव पानांत असतो. काड्या फुटलेल्या, पोंगे उमललेले, पानं कोवळी. त्यात एखादा परतीचा पाऊस आला, सकाळी दव पडलं, की डाऊनी (केवडा, हा बुरशीचा रोग) येते. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे, तेल सांडल्यासारखे डाग; खालच्या बाजूला त्याच जागी पांढरी, कापसासारखी बुरशी. ती घडांवर गेली की वर्षाचं पीक हातचं जातं.

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. मी नाशिकमध्ये राहून सॉफ्टवेअरचं काम करतो. एकदा त्यांनी व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो पाठवला आणि फोन करून म्हणाले, "अरे, ही डाऊनी आहे का औषधाचा डाग? तुझ्या कॉम्प्युटरला विचार बरं." मी तो फोटो क्लाऊडवरच्या एका तयार सेवेला दिला. क्षणात उत्तर आलं: पान, वनस्पती, वेल, शेती. प्रत्येकापुढे नव्वदच्या वरचा आकडा. उत्तरात चूक काहीच नव्हती. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात कुठेच नव्हतं.

हा लेख मिळालेलं उत्तर आणि हवं असलेलं उत्तर यांमधल्या अंतराबद्दल आहे. ज्यांना कोड लिहिता येतो, एपीआय वापरता येतो, पण मशीन लर्निंगच्या गणिताशी ज्यांचा कधी संबंध आला नाही, अशा डेव्हलपर मित्रांसाठी तो लिहितोय. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यात जॉबवरचा, म्हणजे तयार होणाऱ्या सुट्या भागावरचा, ओरखडा शोधायचा असो की बागेतला डाग, रस्ता बराचसा एकच आहे.

मशीनला फोटो कसा दिसतो

येवल्यात पैठणीच्या मागावर बसलेला कारागीर मोर विणतो तेव्हा त्याच्या हातात मोर नसतो, धाग्यांचा हिशोब असतो. इतके धागे हिरवे, मग इतके जांभळे, मग जर. लांबून बघणाऱ्याला मोर दिसतो. फोटोचंही तसंच आहे. फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५ च्या दरम्यान. बरीच मॉडेल्स फोटो लहान करून २२४ बाय २२४ ठिपक्यांचा करतात. तेवढ्याचेही १,५०,५२८ आकडे होतात. मशीनपुढे पान नसतं, हा आकड्यांचा ढीग असतो.

यातून डाग ओळखायचा नियम आपण हाताने लिहू शकतो का? मी सुरुवातीला लिहून पाहिला. हिरव्यात इतका पिवळा मिसळला असेल तर रोग. पण जुनं पान आपोआप पिवळं पडतं. दुपारच्या उन्हात निरोगी पानही पिवळसर दिसतं. वेगळ्या फोनचा कॅमेरा वेगळा रंग दाखवतो. एकेका नियमाला दहा अपवाद निघाले आणि एकेका अपवादाला आणखी दहा.

पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायला बसणाऱ्या बायका हे काम वेगळ्या पद्धतीने शिकतात. नवीन आलेल्या बाईला कोणी नियमांचा कागद देत नाही. शेजारची जुनी बाई सांगत जाते, "हा मणी काढ, हा राहू दे, हा पण काढ." काही दिवसांत नवीन बाईचा हात बसतो. नेमकं काय बघून मणी काढला, हे तिला शब्दांत सांगता येईलच असं नाही. तिने उदाहरणं पाहिली, आणि चुकली तिथे कोणीतरी टोकलं. मशीन लर्निंगचा गाभा हाच आहे. मॉडेलला फोटो दाखवायचा, ते अंदाज सांगतं, तो खऱ्या उत्तराशी ताडायचा, आणि जेवढी चूक झाली त्या मानाने मॉडेलच्या आतले आकडे किंचित इकडेतिकडे सरकवायचे. मग पुढचा फोटो. असं लाखो वेळा.

आतले हे आकडे नेमकं करतात काय? बहुतेक वेळा त्यांची छोटी छोटी चौकट असते, समजा तीन बाय तीनची. ती चौकट फोटोवर डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरकत जाते आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारते: इथे कड आहे का? दुसरी चौकट रंगातला बदल शोधते. त्यांच्या उत्तरांवर पुढच्या थरातल्या चौकटी फिरतात आणि पोत, शिरा, गोल डाग असं काही पकडतात. त्याच्या पुढचे थर त्याहून मोठे आकार. यातली एकही चौकट माणसाने ठरवून दिलेली नसते, शिकताना ती आपोआप घडते. याला कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. संशोधक यान लकून यांनी १९८९ मध्येच हाताने लिहिलेले अंक अशा नेटवर्कने ओळखून दाखवले होते. अडलं होतं ते फोटोंपाशी आणि संगणकाच्या ताकदीपाशी. २००९ मध्ये फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमेजनेट हा नावं लावलेल्या फोटोंचा प्रचंड साठा मांडला. २०१२ च्या इमेजनेट स्पर्धेत ॲलेक्सनेट नावाच्या मॉडेलने सुमारे १२ लाख फोटोंवर शिकून १००० प्रकारच्या वस्तू ओळखल्या. पहिल्या पाच अंदाजांत खरं उत्तर नसण्याचं त्याचं प्रमाण १५.३ टक्के होतं, दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचं २६.२ टक्के. त्या मॉडेलमध्ये सुमारे ६ कोटी आकडे होते आणि ते शिकवलं गेलं गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. तिथून सगळं क्षेत्र या वाटेने निघालं.

क्लाऊड म्हणजे भाड्याचं शीतगृह

प्रत्येक बागायतदार स्वतःचं कोल्ड स्टोरेज बांधत नाही. ज्याने बांधलंय त्याच्याकडे माल ठेवतो आणि ठेवल्याचं भाडं देतो. क्लाऊडवरची प्रतिमा-ओळख तशीच. महागडी ग्राफिक्स कार्डं, शिकवून तयार केलेलं मॉडेल, त्याची देखभाल हे सगळं त्यांच्याकडे. आपण फोटो पाठवायचा आणि फोटोमागे पैसे द्यायचे. गुगलने क्लाऊड व्हिजन २०१५ च्या शेवटी जाहीर केलं, ॲमेझॉनने रेकग्निशन नोव्हेंबर २०१६ मध्ये आणलं, मायक्रोसॉफ्टचीही अशीच सेवा आहे. तिघांचीही सर्व्हर केंद्रं मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे नाशिकहून गेलेला फोटो समुद्रापार जायलाच हवा असं नाही. मात्र प्रत्येक सेवा प्रत्येक केंद्रावर मिळतेच असंही नाही, ते आधी तपासून घ्यावं.

या सेवांना वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. फोटोत काय आहे, हा एक. ते नेमकं कुठे आहे, हा दुसरा. त्याचं उत्तर वस्तूभोवती आखलेल्या चौकटीच्या रूपात येतं. फोटोत लिहिलंय काय, हा तिसरा. लासलगावच्या बाजारात कांदा विकल्यावर मिळणारी हिशोबाची पट्टी अशी वाचून घेता येते. छापील मराठी बरंच नीट वाचलं जातं, हाताचं अक्षर असेल तर आकडे माणसाने पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि चौथा प्रश्न चेहऱ्याचा. तिथे मी थांबून विचार करायला सांगेन. नाशिकमध्ये कुंभमेळ्याची तयारी म्हटलं की गर्दी आणि कॅमेरे यांचा विषय निघतोच, आणि निघायलाच हवा. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, ते हे शहर विसरलेलं नाही. पण गर्दी किती दाटली हे मोजायला कोणाचा चेहरा ओळखावा लागत नाही. डोकी मोजणं आणि माणूस ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक सेवा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती, गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. रामकुंडावर कोणाची गर्दी असते हे आपल्याला माहीत आहे. सेवा त्यानंतर सुधारल्या असतील, तरी आपल्या माणसांवर तपासल्याशिवाय मी त्यांवर विसंबणार नाही. जिथे मोजून काम भागतं तिथे ओळखायला जाऊच नये.

आता कोडच्या बाजूने चार गोष्टी, ज्यांनी माझे दिवस खाल्ले. फोटो बेस-६४ करून पाठवला की त्याचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. बागेत नेटवर्क अर्ध्या कांडीचं असतं, त्यामुळे फोटो फोनमध्येच लहान करायचा, रांगेत ठेवायचा आणि रेंज आली की पाठवायचा. पण फार लहान केला तर डाऊनीचा सुरुवातीचा डाग दोन-तीन ठिपक्यांत विरून जातो आणि मग कितीही चांगलं मॉडेल असलं तरी तो डाग त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. अख्ख्या वेलीचा फोटो घेण्यापेक्षा एकच पान चौकट भरून घेतलेलं बरं.

आडवा-उभा हाही घोळ होतो. फोन फोटो आहे तसा साठवतो आणि "हा फिरवून दाखवा" एवढी चिठ्ठी फाईलमध्ये ठेवतो. ती चिठ्ठी वाचली नाही तर वस्तूभोवतीच्या चौकटी भलतीकडे पडतात. विश्वासाचा आकडा, म्हणजे मॉडेलला उत्तराची किती खात्री आहे तो, गुगल ० ते १ मध्ये देतं, ॲमेझॉन ० ते १०० मध्ये. सेवा बदलली आणि तुलना जुनीच राहिली तर प्रोग्राम चूक दाखवत नाही, गुपचूप सगळे फोटो पास करतो, नाहीतर सगळे नापास. आणि एपीआयची किल्ली मोबाईल ॲपमध्ये कधीही ठेवू नका, गिटहबवर तर नाहीच. ॲप आपल्या सर्व्हरशी बोलेल, सर्व्हर क्लाऊडशी. खात्यावर खर्चाची सूचना पहिल्याच दिवशी लावा.

पान, पण कोणतं दुखणं?

तयार सेवेला "पान" कळतं कारण तिला जगभरातल्या सर्वसाधारण फोटोंवर शिकवलंय. डाऊनी तिला कोणी दाखवलेलीच नाही. इथे ट्रान्सफर लर्निंग कामाला येतं. ज्या मॉडेलला कडा, पोत, आकार आधीच ओळखता येतात, त्याचे सुरुवातीचे थर तसेच ठेवायचे आणि शेवटचा थर आपल्या फोटोंवर नव्याने शिकवायचा. त्याला लाखो फोटो लागत नाहीत, प्रत्येक प्रकाराचे काहीशे चांगले फोटो घेऊन सुरुवात होते. निवडणारी बाई द्राक्षांवरून डाळिंबावर गेली तर तिला बघायला पहिल्यापासून शिकावं लागत नाही, डाळिंबातलं वाईट काय तेवढंच शिकावं लागतं. क्लाऊड कंपन्या हेही जवळजवळ कोड न लिहिता करू देतात: फोटो चढवा, नावं लावा, शिकवा, वापरा.

मलाही वाटलं, फोटो तर इंटरनेटवर तयार आहेत. प्लँटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा प्रसिद्ध साठा आहे. २०१६ च्या एका अभ्यासात त्यातल्या ५४,३०६ फोटोंवर मॉडेल शिकवलं गेलं, १४ पिकं आणि २६ रोग. त्याच साठ्यातल्या न दाखवलेल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्के. हा आकडा अनेक ठिकाणी सांगितला जातो. त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय की दुसरीकडून मिळवलेल्या, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. कारण साठ्यातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेली आहेत. आपल्या बागेत पानामागे दुसरं पान असतं, तार असते, बांबू असतो, ऊन-सावलीची जाळी असते.

त्याहून मोठी अडचण मला यादी उघडल्यावर कळली. त्या साठ्यात द्राक्षाचे रोग आहेत ब्लॅक रॉट, एस्का आणि पानावरचा एक करपा. नाशिकचा बागायतदार ज्यांच्या धास्तीने पहाटे उठून बागेत जातो त्या डाऊनी आणि भुरी, दोन्ही त्यात नाहीत. म्हणजे ते मॉडेल निफाडच्या बागेत आणलं तर डाऊनीच्या पानालाही ते आपल्या यादीतलंच एखादं नाव देईल, नाहीतर निरोगी म्हणेल. त्याला तेवढेच पर्याय माहीत आहेत. चपलेचा फोटो दिला तरी ते त्यांतलंच एक नाव निवडेल, आणि आकडा कदाचित ०.९ असेल. त्या ०.९ चा अर्थ "मला माहीत असलेल्या नावांपैकी हे सर्वांत जवळचं" एवढाच. म्हणून "इतर" नावाचा एक गट शिकवणं आणि त्यात औषधाचे डाग, धूळ, फाटलेली पानं, हाताची बोटं असे फोटो घालणं फार महत्त्वाचं.

मग आम्ही फोटो काढायला लागलो. रोगट पानांचे फोटो मामा सकाळी बागेत फेरी मारताना काढायचे. निरोगी पानांचे मी रविवारी दुपारी गेलो की काढायचो. सगळे एकत्र केले, मिसळले, काही चाचणीसाठी बाजूला ठेवले आणि मॉडेल शिकवलं. चाचणीत शंभरातले पंचाण्णवच्या वर बरोबर. शेजारच्या बागेत नेलं आणि दुपारी दाखवलेलं जवळपास प्रत्येक पान, रोगट असो की नसो, निरोगी ठरलं.

मॉडेल फोटोच्या कोणत्या भागाकडे बघून निर्णय घेतं, ते रंगाने दाखवायची पद्धत आहे. ती लावल्यावर दिसलं की मॉडेल डागाकडे बघतच नव्हतं, पानाच्या चकाकीकडे आणि मागच्या उजेडाकडे बघत होतं. सकाळचा मऊ प्रकाश म्हणजे रोग, दुपारचं ऊन म्हणजे निरोगी, हे ते शिकलं होतं. आम्हीच तसं शिकवलं होतं. आणि चाचणीत ते पकडलं गेलं नाही, कारण चाचणीचे फोटोही त्याच वेलींचे, त्याच दिवसांचे होते. तेव्हापासून मी फोटो मिसळून वाटत नाही, बागा वाटतो. या तीन प्लॉटचे फोटो शिकायला, त्या चौथ्याचे फक्त चाचणीला. चौथ्याचा एकही फोटो शिकवण्यात जाऊ द्यायचा नाही.

हे मामांना सांगत होतो तेव्हा ते फोटो बघत होते. म्हणाले, "सगळी पानं वरूनच काढलीत की रे. उलटून कोण बघणार? आम्ही आधी पान उलटतो." तीन आठवड्यांच्या फोटोंत खालच्या बाजूचा एकही फोटो नव्हता. औषधाचा डाग वरून तेलकट डागासारखा दिसू शकतो, पण त्याच्या खाली पांढरी बुरशी नसते. मामांना पहिल्या फोटोत जी शंका आली होती तिचं उत्तर पानाच्या मागे होतं, आणि आमच्या मॉडेलला पानाला मागची बाजू असते हेच ठाऊक नव्हतं.

किती चुका चालतील

आता समजा १००० पानं आहेत आणि त्यांतली ५० रोगट. "सगळं निरोगी" एवढंच सांगणारं मॉडेल ९५ टक्के अचूक ठरतं आणि बाग घालवतं. म्हणून अचूकता हा एकटा आकडा मी आता विचारतही नाही. दोन प्रश्न विचारतो. खऱ्या ५० पैकी किती पकडली? आणि पकडली म्हणून सांगितलेल्यांत खरी किती? समजा ४५ पकडली आणि ९५० निरोगी पानांपैकी दहा टक्क्यांवर, म्हणजे ९५ पानांवर, खोटी आरोळी ठोकली. मग १४० आरोळ्यांत खऱ्या ४५. तीनातली एक.

मॉडेलचा आकडा कितीच्या वर गेला की रोग म्हणायचं, तो उंबरठा. तो खाली आणला तर रोग सहसा सुटत नाही पण खोट्या आरोळ्या वाढतात, वर नेला तर उलट. हा उंबरठा कुठे ठेवायचा हे कोडमध्ये ठरत नाही, बागेत ठरतं. डाऊनी सुटली तर पीक जातं, हे उघड आहे. पण खोटी आरोळीही फुकट नाही. तिच्यामागे एक जादा फवारणी होते, मजुरी आणि औषध जातं, आणि काढणी जवळ असेल तर मालात अंश राहतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडली होती. त्या हंगामाची आठवण नाशिकचे निर्यातदार बागायतदार अजून काढतात. त्यामुळे आमचं ॲप "फवारा" असं कधीच म्हणत नाही. आकडा खूप वर असेल तर "डाऊनीसारखं दिसतंय, बाग फिरून बघा", खूप खाली असेल तर "दिसत नाही", आणि मधल्या पट्ट्यात असेल तर "पान उलटून फोटो काढा". मधल्या पट्ट्यातले फोटो "शंका" नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि रविवारी मामा ते बघून नाव लावतात. तेच फोटो पुढच्या वेळी शिकवायला सर्वांत उपयोगी पडतात, कारण मॉडेल नेमकं तिथेच अडलेलं असतं.

खर्चाचं एक सांगायला हवं. तयार सेवेला फोटोमागे पैसे पडतात. स्वतःचं शिकवलेलं मॉडेल क्लाऊडवर चालू ठेवलं तर बहुतेक ठिकाणी तासामागे पडतात, फोटो आला नाही तरी. रिकामं कोल्ड स्टोरेज रात्रभर थंड ठेवल्यासारखं. आमचं काम छाटणीनंतरचे दोन-अडीच महिने, तेही सकाळी. म्हणून शिकवण्यापुरता क्लाऊड वापरला आणि तयार झालेलं मॉडेल आटोपशीर करून टेन्सरफ्लो लाइटने फोनमध्येच बसवलं. बागेत रेंज नसली तरी चालतं. "शंका" फोल्डर तेवढं घरी वायफायवर आलं की वर जातं. कारखान्यात चोवीस तास पट्टा चालू असेल तर हिशोब वेगळा निघेल.

सध्या अडलंय ते भुरीपाशी. ती थंड-कोरड्या हवेत वाढते, पानावर आणि मण्यांवर राख उडाल्यासारखी दिसते, आणि आमच्याकडे तिचे फोटो डाऊनीच्या मानाने फार थोडे आहेत. तुमची किंवा नात्यातल्या कोणाची बाग असेल तर या थंडीत फोटो काढून ठेवा. एकाच पानाचे दोन, वरून आणि खालून. थोडे सकाळी, थोडे दुपारी. शेजारी चिठ्ठीवर छाटणीची तारीख, वाण आणि शेवटची फवारणी कशाची ते लिहा. निरोगी पानांचेही तितकेच काढा, त्याच दिवशी, त्याच फोनने.